घरात दोन-तीन कुत्री आणि ॲजिलिटीची रिंग: या चुका टाळा

एका कुत्र्याला ॲजिलिटीत, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, तयार केलेला माणूस दुसरं कुत्रं आणतो, तेव्हा त्याला वाटतं की या खेपेला निम्म्या कष्टात भागेल. टनेल म्हणजे बोगदा कसा शिकवायचा, वीव्ह पोल्समध्ये, म्हणजे नागमोडी पार करायच्या खांबांच्या रांगेत, शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी कसा आणायचा, हे सगळं त्याला पाठ असतं. तरीही दुसऱ्या कुत्र्याच्या धावेत उडीचे बार पडतात, कॉन्टॅक्टचा, म्हणजे चढायच्या अडथळ्याच्या टोकाशी पंजा टेकवायचा, पिवळा पट्टा हुकतो, स्टार्ट लाइनवर थांबणं मोडतं. त्या अडथळ्यावर पुन्हा पुन्हा मेहनत घेऊन काही हाती लागत नाही. दोष बहुधा दोन ठिकाणी लपलेला असतो: पाळीची वाट बघत बसलेल्या कुत्र्याच्या क्रेटपाशी (पिंजऱ्यापाशी), आणि हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला पळवणाऱ्या माणसाच्या, अंगात मुरलेल्या पहिल्या कुत्र्याच्या वेगात.

खालचे आकडे अमेरिकन केनेल क्लबच्या, म्हणजे एकेसीच्या नियमांचे आहेत, कारण अमेरिकेतली मराठी मंडळी बहुधा तिथल्या ट्रायलपासून, म्हणजे स्पर्धेपासून, सुरुवात करतात. युरोपात एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत उंची आणि गुणांकन वेगळं असतं. चुका मात्र त्याच होतात.

थांबलेलं कुत्रंही काहीतरी शिकतच असतं

एकाचा सराव चालू असताना दुसऱ्याला मैदानाच्या कुंपणाला बांधून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बांधलेल्या कुत्र्याला पळणारं कुत्रं दिसतं, ‘टनेल!’, ‘गो!’ असं ओरडणं ऐकू येतं. ते पट्टा ताणतं, भुंकतं, गोल फिरतं. वीस मिनिटं हे झालं की वीस मिनिटं भुंकण्याचा आणि पट्टा ताणण्याचा सराव झाला. मग त्याची पाळी येते तेव्हा ते स्टार्ट लाइनवर बसत नाही आणि पहिल्याच उडीत मागचे पाय बारला लागतात. शिवाय त्याने ओळखीचे शब्द वीस वेळा ऐकलेले असतात आणि एकदाही त्यांचा त्याच्याशी संबंध आलेला नसतो. शब्दाची धार अशीच जाते.

क्रेट मैदानापासून दहा-पंधरा मीटरवर, आडोशाला ठेवा आणि हवा खेळती राहील अशा बेताने तीन बाजूंनी कापडाने झाका. पहिल्या दिवशी धावू नका. एक कुत्रं क्रेटमध्ये शांत असताना दुसऱ्याला पट्ट्यावर नुसतं चालवत पुढून न्या आणि परतताना क्रेटमध्ये खाऊ टाका. पाच वेळा आवाज न होता हे झालं की दुडक्या चालीवर न्या, मग एक उडी, मग दोन, आणि शेवटी टनेल. टनेल शेवटी यासाठी, की त्यातल्या पायांचा धडधड आवाज क्रेटमधल्या कुत्र्याला सगळ्यात जास्त चेतवतो.

बाहेर काढण्याची रीत याहून महत्त्वाची. क्रेटपाशी उभं राहा आणि कडीवर हात ठेवा. कुत्रं कुंईकुंई करायला किंवा पंजा मारायला लागलं की हात काढून घ्या. मनात तीन आकडे मोजेपर्यंत शांतता राहिली की पुन्हा हात कडीवर. दार दोन बोटं उघडा. नाक पुढे घुसलं तर दार परत लावा. नाक मागे राहिलं तर दार उघडा, पट्टा अडकवा आणि मगच बाहेर. घाईत एकदा जरी कुंईकुंई चालू असताना दार उघडलंत, तरी आवाज केल्यावर पाळी येते हे त्याला कळतं, आणि ते विसरायला लावायला आठवडे जातात.

क्रमही ठरावीक ठेवू नका. मोठं कुत्रं नेहमी आधी आणि धाकटं नेहमी नंतर असं झालं, तर थोरल्याला थांबायची सवय लागतच नाही. मग एखाद्या ट्रायलमध्ये क्रम उलटा लागला की जुनंजाणतं कुत्रं क्रेट डोक्यावर घेतं.

दोन्ही कुत्री एकाच वेळी मैदानात मोकळी सोडणं तर कधीच नको. टनेलमधून पूर्ण वेगात बाहेर पडणाऱ्या कुत्र्याला समोर कोण उभं आहे हे बाहेर येईपर्यंत दिसत नाही. त्या टकरीत मान आणि खांदे दुखावतात.

‘चल’ आणि ‘बस’

मराठी घरांत ही अडचण हमखास दिसते. स्टार्ट लाइनवरून सोडायला ‘चल’ हा शब्द निवडलेला असतो. पण ‘चल, जेवायला’, ‘चल गं, उशीर होतोय’, फोनवर ‘चल, ठेवतो’ असं कुत्रं दिवसभर ऐकत असतं. एक तर त्या शब्दाला किंमत उरत नाही, नाहीतर तुम्ही रिंगच्या दाराशी कुणाशी बोलताना सहज ‘चला’ म्हणता आणि कुत्रं निसटतं. ‘बस’ची गत आणखी वाईट. खाली बसायलाही ‘बस’ आणि पुरे झालं म्हणायलाही ‘बस’. एकेसीच्या स्टँडर्ड कोर्समध्ये कुत्र्याने पॉझ टेबलवर पाच सेकंद थांबायचं असतं. घरी ‘बस आता’ ऐकलं की खेळ संपतो असं ज्याला ठाऊक आहे, ते त्या टेबलवरून उतरलं तर नवल नाही.

अडथळ्यांचे शब्द सगळ्या कुत्र्यांना एकच ठेवा, नाहीतर वेगात तुमचीच जीभ अडखळेल. सोडायचा शब्द मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा आणि तो घरच्या बोलण्यात न येणारा हवा. तपासायची सोपी रीत: दोघांना शेजारी शेजारी बसवा, एकाचा शब्द उच्चारा, दुसरं हललं नाही तर लगेच त्याला खाऊ द्या. दहापैकी आठ वेळा जमेपर्यंत हे स्वयंपाकघरातच करा. नावंही लांबून वेगळी ऐकू यायला हवीत. चिकू आणि मिकू घरात गोड वाटतात, पण पस्तीस फुटांवरून धापा टाकत हाक मारली की दोन्ही सारखीच ऐकू येतात.

अर्ध्या सेकंदाचा घोळ

दोन उड्यांमध्ये साधारण १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर अंतर धरा. सेकंदाला सहा मीटर पळणारा बॉर्डर कॉली ते ०.९ सेकंदात कापतो, चार मीटरने पळणारा कॉकर स्पॅनियल किंवा कॉर्गी १.४ सेकंदात. फरक अर्ध्या सेकंदाचा, पण ॲजिलिटीत इशाऱ्याची सगळी जागा तेवढीच असते.

कॉलीची सवय झालेला हँडलर वळणाचा इशारा लवकर देतो. सावकाश येणारं कुत्रं अजून उडीच्या दोन ढांगा मागे असतं, खांदा वळलेला बघून ते बार सोडून तुमच्याकडेच येतं, आणि जज रिफ्यूजल, म्हणजे अडथळा नाकारल्याची चूक, देतो. उलट, सावकाश कुत्र्यावर शिकलेला माणूस कॉलीला इशारा देतो तेव्हा कॉली हवेत असतो. हवेत दिशा बदलता येत नाही. प्रयत्न केला तर मागचे पाय खाली येतात आणि बार पडतो, नाही केला तर लांब वळसा घेऊन चुकीच्या टनेलात. अशा वेळी ‘हा ऐकतच नाही’ असं म्हणणं त्या कुत्र्यावर अन्याय आहे. त्याने इशारा पाळला, फक्त तो चुकीच्या क्षणी मिळाला.

यासाठी मोबाइल स्टँडवर बाजूला लावा. तीन उड्यांची एक वळणदार रांग मांडा आणि प्रत्येक कुत्र्याला तीनदा पळवा. नंतर तुमचा खांदा वळायला लागतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि कुत्रं कुठे आहे ते बघा. इशारा कुत्र्याने उडीसाठी पाय उचलण्याआधी पूर्ण झालेला हवा, पण ते सरळ त्या बारकडे निघाल्यानंतर. ही जागा प्रत्येक कुत्र्यासाठी जमिनीवर एकेक कोन ठेवून खूण करा. दोन कोनांमध्ये किती अंतर पडतं ते डोळ्यांनी दिसलं की मग अंगालाही कळायला लागतं.

ट्रायलच्या दिवशी कोर्स चालून बघायला साधारण आठ मिनिटं मिळतात. बहुतेक जण ती आठही मिनिटं लाडक्या, वेगवान कुत्र्याच्या आखणीत घालवतात. पहिली तीन मिनिटं नुसता क्रम पाठ करा. मग एका कुत्र्यासाठी चालून घ्या, मग दुसऱ्यासाठी, आणि आखणी जिथे बदलते त्या दोन-तीनच जागा लक्षात ठेवा: ‘सहाव्या उडीला कॉलीसाठी मागून क्रॉस, कॉर्गीसाठी पुढून.’ (क्रॉस म्हणजे हँडलरने कुत्र्याची वाट ओलांडून बाजू बदलणं.) पहिल्या कुत्र्याची एक जागा चुकली म्हणून दुसऱ्याची आखणी ऐनवेळी बदलू नका. ती चूक पहिल्याच्या वेगामुळे झाली होती.

पिवळ्या पट्ट्यावरची गल्लत

ए-फ्रेम (दोन्ही बाजूंनी उतार असलेली चढण), डॉग वॉक (उंच, अरुंद पूल) आणि सी-सॉ (झुलती फळी) यांच्या टोकाचा पिवळा भाग ४२ इंचांचा असतो. उतरताना त्यात पंजा पडलाच पाहिजे. एकेसीत तो हुकला किंवा बार पडला की त्या धावेचा क्यू, म्हणजे पात्र ठरण्याचा शेरा, जातो. एक कुत्रं मागचे दोन पाय फळीवर ठेवून थांबतं आणि दुसरं न थांबता पळत उतरतं, अशी जोडी घरात असेल तर हँडलरचे पाय घात करतात. पळत उतरणाऱ्याच्या वेळी तुम्ही शेवटपर्यंत धावता. तीच धाव थांबणाऱ्या कुत्र्याच्या वेळी लागली की ते तुमच्यामागे फळीच्या मधूनच झेप घेतं. थांबणाऱ्या कुत्र्याच्या सरावात मुद्दाम दर तीन वेळांतून एकदा तुम्ही पुढे पळत जा, ते फळीवर टिकलं तर मागे येऊन तिथेच खाऊ द्या. टाकलेला खाऊ पुढे पडला तर ते खाऊच्या मागे उतरेल, म्हणून हातानेच, नाक खाली राहील असा द्या.

सी-सॉची गोष्ट वजनाची आहे. फळीच्या वरच्या टोकापासून १२ इंचांवर तीन पौंडांचं वजन ठेवलं की ती तीन सेकंदांच्या आत टेकली पाहिजे, असा एकेसीचा निकष आहे. तीस किलोच्या लॅब्रेडॉरसाठी ती धाडकन खाली जाते, पाच किलोच्या कुत्र्याला टोकापर्यंत जाऊन वाट बघावी लागते. लॅब्रेडॉरच्या हिशोबाने सोडायचा शब्द उच्चारलात तर छोटं कुत्रं फळी हवेत असताना उडी मारेल. फळी टेकल्याचा ‘ठप’ आवाज कानावर येईपर्यंत तोंड बंद ठेवा.

बारची उंची आणि सरावाचा आळस

खांद्याची उंची ११ इंचांपर्यंत असेल तर बार ८ इंचांवर, १४ पर्यंत १२, १८ पर्यंत १६, २२ पर्यंत २० आणि त्यापुढे २४. घरच्या सरावात दर वेळी बार बदलायचा कंटाळा येतो आणि सगळी कुत्री १२ इंचांवरूनच उडतात. मोठं कुत्रं मग सपाट, लांब उडी मारायला शिकतं आणि ट्रायलमध्ये २० इंचांचा बार पाडतं. सगळ्यात छोटं आधी, मग चढत्या उंचीने, एवढा क्रम लावला की बार प्रत्येक कुत्र्यामागे एकदाच हलवावे लागतात. पाळीचा क्रम बदलायचा असेल त्या दिवशी उतरत्या उंचीने घ्या.

पिल्लाला थोरल्याच्या उंचीवर उडवू नका. एकेसीत १५ महिने पूर्ण झाल्याशिवाय उतरता येत नाही, पण मोठ्या जातींची हाडं त्यानंतरही पक्की होत असतात. तोवर बार कोपराखाली ठेवा आणि वीव्ह पोल्स सरळ रांगेत न लावता मध्ये वाट मोकळी ठेवून लावा. प्रत्येकाचा सराव पाच मिनिटांपलीकडे नेऊ नका. तीन कुत्री म्हणजे तीन पाच-मिनिटं, आणि तिसऱ्यालाही ताजा हँडलर मिळायचा त्याचा हक्क आहे.

रिंगच्या दारात

क्यूसाठीच्या धावेत रिंगमध्ये खाऊ आणि खेळणी न्यायला बंदी आहे, खिशात असली तरी. एका कुत्र्यासाठी खिसे रिकामे करायची सवय असते. दुसऱ्याचा चिकनचा तुकडा जॅकेटच्या आतल्या खिशात तसाच राहतो. खाऊची पिशवी कमरेला बांधण्याऐवजी क्रेटला लटकवा.

एकाच उंचीत दोन कुत्री असतील तर त्यांच्यामध्ये किती नावं आहेत ते सकाळीच यादीत बघा. प्रत्येक कुत्र्याला रिंगमध्ये यायला-जायला धरून एक मिनिट लागतं. पहिल्याला बाहेर आणून शाबासकी आणि खाऊ देणं, पाणी, क्रेट, दुसऱ्याला फिरवून आणणं आणि पाच मिनिटं अंग मोकळं करणं यांना आठ ते दहा मिनिटं हवीत. मध्ये चारच नावं असतील तर दारावरच्या गेट स्टीवर्डला वर्ग सुरू होण्याआधी जाऊन सांगा. तुमचं नाव पुकारल्यावर सांगून उपयोग नाही. या घाईत नेहमी बळी जातो तो पहिल्या कुत्र्याच्या धावेनंतरच्या चालण्याचा. पूर्ण वेगात पळालेलं कुत्रं थेट क्रेटमध्ये कोंबलं तर अंग आखडतं, म्हणून त्याला पाच मिनिटं चालवायला कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.

माजावर आलेल्या कुत्रीला एकेसीच्या ॲजिलिटी ट्रायलमध्ये उतरता येत नाही, आणि घरी ती माजावर असताना नर कुत्र्यांचंही लक्ष उडालेलं असतं. प्रवेशअर्ज भरताना तिच्या तारखा कॅलेंडरवर हव्यात. नोंदवहीही प्रत्येकाची वेगळी ठेवा. एकाच वहीत सगळ्यांचं लिहिलं की ‘आज दोन बार पडले’ एवढंच उरतं, कुणाचे, कुठल्या वळणावर, डावीकडे की उजवीकडे, हे निघून जातं.

थोरलं कुत्रं बार पाडायला लागलं, उडीआधी छोटी जादा ढांग टाकायला लागलं, तर आधी पशुवैद्याकडून पाठ आणि मागचे पाय तपासून घ्या. सगळं ठीक असेल तर प्रिफर्ड वर्गात नाव घाला, तिथे बार चार इंच खाली असतो. आणि ते पूर्ण निवृत्त झालं, तरी धाकट्याची क्रेट गाडीत चढताना ते दाराशी येऊन उभं राहतंच. त्यालाही मैदानावर न्या. बार जमिनीवर ठेवून दोन-चार वेळा ओलांडू द्या, एक सरळ टनेल द्या, वीव्ह पोल्स आणि ए-फ्रेम नको. दोन मिनिटं पुरतात, फक्त ती पूर्ण त्याची असू द्या.