निर्णय ऐकायला शिका: संगीतनिर्मितीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

संगीतनिर्मिती शिकताना माझी पहिली दोन वर्षे यंत्रांची माहिती गोळा करण्यात गेली. कोणता मायक्रोफोन कुठे लावावा आणि कोणता कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आटोक्यात ठेवणारे उपकरण) कशासाठी वापरावा, याची उत्तरे मला पाठ होती. परंतु पहिले पूर्ण गाणे मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करण्यासाठी, हाती आले, तेव्हा ऐंशीहून अधिक ट्रॅकांमध्ये (स्वतंत्रपणे मुद्रित केलेल्या आवाजांमध्ये) त्या गाण्याचा कणा कोणता, हेच मला सांगता येईना. गिटारच्या सहा टेकपैकी, म्हणजे एकच भाग पुन्हा पुन्हा वाजवून केलेल्या मुद्रणांपैकी, एकही मी बाद केला नव्हता. ते काम कसेबसे पूर्ण केल्यावर मी यंत्रांची माहितीपत्रके बाजूला ठेवली आणि ज्यांनी लोकप्रिय संगीताचे रूप बदलले, त्यांनी नेमके कोणते निर्णय घेतले, ते शोधत त्यांची गाणी ऐकू लागले. नवोदितांनी अभ्यासाला इथूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिला धडा मला अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्याकडून मिळाला. गायिका मेरी फोर्ड यांच्यासह त्यांनी केलेले आणि १९५१ मध्ये गाजलेले ‘हाउ हाय द मून’ ऐकताना एकाच गिटारवादकाचे आणि एकाच गायिकेचे अनेक थर एकमेकांवर चढलेले ऐकू येतात. त्या पद्धतीत नवा थर वाजवताना जुना आवाज त्याच्याबरोबरच पुन्हा टेपवर उतरत असे, त्यामुळे शेवटच्या थरात चूक झाली तर आधीचे सगळे कामही हातचे जाई. कोणता आवाज मागे राहणार आणि कोणता पुढे येणार, हे त्यांना आरंभीच ठरवावे लागे.

निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ब्रिटिश बँड बीटल्स यांचे काम मी सर्वाधिक काळ अभ्यासले. १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकांच्या टेपयंत्रांवर झाला. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकांवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकांवर पुढची वाद्ये घ्यायची, अशी ती रीत होती. एकदा ड्रम आणि गिटार एकत्र उतरले, की त्यांचे परस्परांतील प्रमाण कायमचे ठरून जाई. त्याच काळातले ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ मी विद्यार्थ्यांना नेहमी ऐकवते. बीटल्सचे गायक जॉन लेनन यांना एका टेकचा आरंभ आवडला होता आणि दुसऱ्या टेकचा पुढचा भाग. पण दोन्हींची लय आणि पट्टी वेगळी होती. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग बदलून त्या दोन टेकांना एकमेकांजवळ आणले आणि सुमारे एका मिनिटाच्या ठिकाणी जोड दिला. तो जोड कानाने शोधा, आणि सापडल्यावर त्यानंतर गायकाच्या आवाजाचा पोत कसा जड होतो, याकडे लक्ष द्या. वेग कमी केल्याचा तो परिणाम आहे आणि गाण्याच्या स्वप्नवत स्वभावात त्याचा मोठा वाटा आहे.

यानंतर जमैकाच्या किंग टबी यांच्याकडे वळावे, कारण त्यांनी मिक्सिंगच्या टेबलालाच वाद्य केले. मुळात ते विद्युत उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर होते. १९७० च्या दशकात किंगस्टनमधील आपल्या छोट्या स्टुडिओत ते तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढून घेत, बेस आणि ड्रम उघडे ठेवत, आणि मधूनच एखादा शब्द इकोमध्ये सोडून तो विरत जाऊ देत. डब या प्रकाराची ही घडण पुढच्या नृत्यसंगीतात दूरवर पोहोचली. त्यांच्यामुळे मी स्वतःसाठी एक सराव ठरवला, तो आजही करते: मिक्स पूर्ण झाला असे वाटले की एकेक ट्रॅक बंद करून पूर्ण गाणे ऐकायचे, आणि ज्याच्या अनुपस्थितीने काहीच बिघडत नाही तो ट्रॅक काढून टाकायचा. पहिल्या वेळी मी अकरा ट्रॅक काढले आणि गायिकेचा श्वास प्रथमच स्पष्ट ऐकू आला.

गायिका डोना समर यांचे १९७७ मधील ‘आय फील लव्ह’ हेडफोन लावून ऐका. निर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी मूग सिंथेसायझरवर (विजेच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करणाऱ्या वाद्यावर) बांधलेल्या या गाण्यात बेसचा मूळ स्वर एका बाजूला आणि त्याची किंचित उशिरा येणारी प्रत दुसऱ्या बाजूला ठेवलेली आहे. त्यातूनच ती धावती लय जन्मते. जवळपास सगळे गाणे यंत्राचे असले, तरी मूगमधून बास ड्रमचा मनाजोगता आघात मिळेना, म्हणून तो ड्रमवादक कीथ फोर्सी यांनी प्रत्यक्ष वाजवला. यंत्राचा आग्रह कुठे सोडावा, हे मोरोडर आणि बेलॉट यांना कळले होते.

अभ्यासात माझ्याकडून एक चूक दीर्घकाळ झाली, ती अशी की प्रत्येक ध्वनीचे श्रेय मी निर्मात्याच्या खात्यावर टाकत असे. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा, म्हणजे मोटाउनचा, ध्वनी त्यांच्या दूरदृष्टीचा तर होताच. पण तो फंक ब्रदर्स या वादकसमूहाच्या हातांचाही होता, ज्यांची नावे अल्बमच्या वेष्टनावर अनेक वर्षे छापली जात नव्हती. जेम्स जेमरसन यांचा बेस गायकाच्या ओळीशेजारून स्वतःची स्वतंत्र चाल घेऊन जातो. एक आठवडा फक्त बेस ऐका आणि तो स्वतः गुणगुणून पाहा. गाणे चालीवर आणि शब्दांवर जेवढे उभे असते तेवढेच त्या खालच्या ओळीवर उभे असते, हे मला त्या आठवड्यात उमगले. म्हणूनच वादक, ध्वनिमुद्रक आणि संयोजक यांची नावे वहीत लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या. एकाच वादकाची पाच गाणी सलग ऐकल्यावर निर्मात्याचे काम कुठून सुरू होते, ते आपोआप दिसू लागते.

शेवटी मिक्सिंग कुठे थांबवावे याविषयी. क्विन्सी जोन्स यांच्या निर्मितीखाली झालेल्या मायकेल जॅक्सन यांच्या ‘बिली जीन’ या गाण्याचे आपण ९१ मिक्स केले आणि अखेरीस दुसऱ्या क्रमांकाचा मिक्स निवडला गेला, असे ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियन यांनी सांगितले होते. पुढचे एकोणनव्वद मिक्स करता आले ते दुसरा मिक्स जपून ठेवला होता म्हणून, असा त्याचा अर्थ मी घेते. प्रत्येक मिक्सला क्रमांक आणि तारीख द्या, जुना पुसू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना, सर्वांत जुना मिक्स आधी ऐका आणि नवा त्यानंतर.