अ‍ॅडजस्टेबल पाना कोणत्या बाजूला ओढायचा?

पंचगंगेच्या काठावरच्या शेतीपंपापासून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपपर्यंत अ‍ॅडजस्टेबल पाना सगळीकडे असतो, आणि पुष्कळदा तो उलटा लावलेला दिसतो. त्याचे दोन जबडे सारखे नसतात. एक जबडा दांड्यासह एकसंध घडवलेला असतो. दुसरा खाचेत सरकतो आणि आट्यांच्या छोट्या चकरीवर टेकलेला असतो. सरकण्यासाठी थोडी फट हवीच, त्यामुळे चांगल्या कंपनीच्या पान्यातही तो किंचित डगडगतो.

म्हणून पाना असा धरा की दांडा हलत्या जबड्याच्या दिशेने फिरेल. मग मुख्य जोर स्थिर जबड्यावर येतो. उलट फिरवलात तर हलता जबडा उघडू पाहतो, पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात आणि बोटं सोलवटतात ती वेगळीच. नट सोडताना किंवा आवळताना दिशा बदलली, की पानाही पालथा करायचा. हे पुष्कळजण विसरतात.

नट जबड्यात पार आतपर्यंत बसवा, मगच चकरी घट्ट करा. दांडा थोडा हलवत चकरी पुन्हा फिरवली की उरलेली ढिलाई निघते. दांड्यात पाइप घालून जोर लावू नका. गंजलेल्या नटाला आधी तेल द्या, थोडं थांबा. तरीही हटत नसेल तर त्याच मापाचा रिंग पाना, म्हणजे नटाला चहूबाजूंनी धरणारा पाना, आणा. अशा नटाला तोच योग्य.