बायोच्या इन्क्वायरी वर्कशॉपची तयारी

दिवाळीनंतर अकरावी-बारावीच्या बायो शिक्षकांचं इन्क्वायरीचं, म्हणजे उत्तर न सांगता प्रयोगातून स्वतः शोधायला लावण्याचं, दोन दिवसांचं वर्कशॉप कोल्हापुरातच घ्यायचं ठरलंय, तर काय काय आणायचं ते एकदाच लिहून टाकते.

पीपीटी नको. मागं एका ट्रेनिंगला दिवसभर स्लाइडवर ‘कृतीतून शिक्षण’ बघितलं आणि हाताला साधी टेस्ट ट्यूबसुद्धा लागली नाही, फार वाईट वाटलं होतं. पहिल्या दिवशी सगळे सर-मॅडम विद्यार्थी म्हणून बसणार आणि उत्तर आपण कुणीही सांगायचं नाही, हे वर्कशॉप घेणाऱ्यांनी आधी आपापसात पक्कं करा.

आता सामान. कलेजी पाव किलो, मटणाच्या दुकानातून त्याच दिवशी सकाळी, रविवार असेल तर लवकर जावा नाहीतर रांगेतच नऊ वाजतात. ज्यांना कलेजी चालत नाही त्यांच्यासाठी बटाटे. दोन्हीचे निम्मे तुकडे उकडून गार करा आणि वाट्यांवर फक्त अ, ब लिहा, काय उकडलंय ते सांगू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमध्ये मिळतं, ३ टक्क्यांचं पुरे, ६ टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घाला, बाटली नवी घ्या कारण उघडून ठेवलेल्याचा जोर जातो. हातमोजे, चष्मे, साबण विसरू नका. तुकड्यांवर पेरॉक्साइड ओतलं की कच्च्यावर फेस उसळतो, उकडलेलं ढिम्म राहतं. फेसात उदबत्तीचा निखारा धरला की तो लालभडक होतो, तेव्हा ‘ऑक्सिजन’ हा शब्द त्यांच्याच तोंडून येऊ द्या, कॅटालेज हे पेरॉक्साइड फोडणाऱ्या एन्झाइमचं नाव अगदी शेवटी.

आणि इथंच खरी मेख आहे. कुणीतरी म्हणणारच, उकडल्यावर तुकडा मऊ झाला म्हणून फेस येत नसेल. त्यावर ‘नाही हो’ म्हणू नका, ‘मग हे तपासायचं कसं?’ विचारा आणि गप्प राहा. कुणी कच्चा तुकडा ठेचून बघेल, कुणाला बर्फात ठेवलेला पाहिजे असेल, कुणाला लिंबाच्या रसातला, म्हणून सामान लागेल त्याच्या दुप्पट आणा, बर्फ आणि लिंबंही. मोजकं सामान असलं की शोध तिथंच थांबतो.

प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी हायड्रिला ही पाणवनस्पती आदल्या दिवशी रंकाळा तलावाच्या काठाला मिळाली तर बघा, नाहीतर फिश टँकच्या दुकानातून. देठ ताजा कापून कापलेलं टोक वर ठेवायचं, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, दिवा १०, २०, ३० सेंटीमीटरवर, आणि बुडबुडे मोजायला मोबाईलचं स्टॉपवॉच.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं स्वतःचं प्रॅक्टिकल जर्नल आणायचं, त्यातल्या एका प्रयोगाचा उद्देश आणि निष्कर्ष झाकून त्याचा प्रश्न करायचा. पोर्शन कधी संपवायचा, नीट परीक्षेचं काय, हे निघणारच आणि ती काळजी खरी आहे, म्हणून एका टर्मला दोनच प्रयोग असे घ्यायचे असं आधीच सांगा.

महिन्याभरानं परत भेटायची तारीख सगळे समोर असतानाच ठरवा, येताना पोरांनी विचारलेले प्रश्न लिहून आणायचे.