पेस्ट केल्यावर क्रमांक का बदलतात: संकलनाच्या कामातील एक चूक आणि नव्यांसाठी काही सूचना

दस्तऐवज संकलनाच्या कामावर रुजू होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा चार विभागांकडून आलेला मजकूर एकत्र करून यंत्रदेखभालीची एक पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. काम सोपे वाटले. एकेक मायक्रोसॉफ्ट वर्ड फाइल उघडायची, सगळा मजकूर निवडायचा, मुख्य फाइलमध्ये पेस्ट करायचा आणि फॉन्ट सारखा करून घ्यायचा, एवढेच तर होते. संध्याकाळपर्यंत पुस्तिका नीटनेटकी दिसू लागली आणि मी ती समाधानाने पुढे पाठवली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, आणि एका पानावर लाल शाईचे मोठे वर्तुळ होते. त्या पानावर ‘कृती ४ पूर्ण झाल्याशिवाय कृती ५ सुरू करू नये’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. पण त्या पानावरच्या कृतींना ११ ते १८ असे क्रमांक पडले होते. मूळ लेखकाच्या फाइलमध्ये कृती ४ म्हणजे वीजपुरवठा तोडणे. माझ्या पुस्तिकेत कृती ४ सात पाने मागे होती आणि ती वंगण घालण्याविषयी होती.

मी एकही अक्षर बदललेले नव्हते, आणि नेमके हेच मला कोणालाही पटवून देता येईना. ‘फॉरमॅटिंग बिघडले’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्याचा अर्थ फार तर दिसायला वाईट झाले, एवढाच घेतो. इथे मात्र वाक्याचा अर्थच बदलला होता, आणि तो वाचून कोणी चालू यंत्रात हात घातला असता. ही गोष्ट नव्याने या कामात येणाऱ्यांना मी सर्वांत आधी सांगते, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती.

हे का घडले ते समजायला मला आठवडा लागला. तुम्ही आपोआप क्रमांक पडलेली एखादी यादी उघडा आणि त्यातला फक्त क्रमांक माउसने निवडण्याचा प्रयत्न करा. तो इतर अक्षरांसारखा एकेक करून निवडता येत नाही. फार तर यादीतले सगळे क्रमांक एकदम करडे होतात. कारण तो आकडा मजकुराचा भागच नसतो. ‘हा परिच्छेद अमुक यादीतला आहे’ एवढीच नोंद फाइलमध्ये असते, आणि त्या यादीत वर किती परिच्छेद आहेत हे मोजून वर्ड तो आकडा दर वेळी नव्याने दाखवतो. मी दुसऱ्या फाइलमधल्या आठ कृती पेस्ट केल्या तेव्हा त्या यादीची स्टाइल, म्हणजे फॉरमॅटिंगचा नाव दिलेला संच, आणि माझ्या फाइलमधल्या यादीची स्टाइल एकाच नावाची होती. वर्डने दोन्ही याद्या एकच मानल्या आणि मोजणी दहाच्या पुढे चालू ठेवली. त्या ठळक वाक्यातले ४ आणि ५ हे मात्र लेखकाने हाताने टंकलेले साधे आकडे होते. ते जागचे हलले नाहीत.

मग ही नोंद राहते कुठे? परिच्छेदाच्या शेवटी, एंटर दाबल्यावर जे न दिसणारे चिन्ह उमटते, त्यात. होम टॅबवर उलट्या ‘पी’सारखे दिसणारे बटण आहे. ते दाबले, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबले, की ही चिन्हे लगेच दिसू लागतात. परिच्छेद डावीकडे आहे की मध्यावर, ओळींमध्ये अंतर किती, इंडेंट किती, कोणती स्टाइल, कोणत्या यादीतला कितव्या पातळीचा मुद्दा, हे सगळे या एका चिन्हाच्या पोटात असते. अक्षरांचा फॉन्ट, ठळकपणा, तिरपेपणा हे गुण अक्षरांबरोबर प्रवास करतात, परिच्छेदाचे गुण चिन्हाबरोबर. कॉपी करताना ते चिन्ह निवडीत आले तर परिच्छेद आपला सगळा संसार घेऊन येतो. ते मागे राहिले तर मजकूर ज्या परिच्छेदात जाऊन पडतो त्याचे रीतिरिवाज स्वीकारतो. ‘काल हेच केले तेव्हा नीट आले होते, आज का बिघडले?’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा एवढ्यातच असते. काल निवड चिन्हाच्या अलीकडे थांबली होती, आज ती चिन्हापलीकडे गेली.

त्यात भर म्हणजे वर्ड आपल्या नकळत मदत करतो. परिच्छेदावर तीनदा क्लिक केले की चिन्हासकट सगळे निवडले जाते. माउस ओढून पूर्ण परिच्छेद निवडला तरी चिन्ह आपोआप निवडीत घेण्याची सोय प्रगत ऑप्शन्समध्ये ‘स्मार्ट पॅराग्राफ सिलेक्शन’ या नावाने आहे. ती बंद करता येते, पण मी बंद केलेली नाही. निवड झाल्यावर शिफ्ट धरून डावा बाण एकदा दाबला की चिन्ह निवडीतून सुटते, आणि आता बोटांना त्याची सवय झाली आहे. यावर विश्वास ठेवण्यापेक्षा दोन कोऱ्या फाइली घेऊन स्वतः करून पाहावे. एकीत मध्यावर घेतलेले, खाली भरपूर अंतर सोडलेले एक शीर्षक लिहावे, ते चिन्हासकट आणि चिन्हाशिवाय असे दोनदा दुसऱ्या फाइलमधल्या साध्या परिच्छेदात पेस्ट करावे आणि फरक पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. मला ते कोणी पहिल्या दिवशी करायला लावले असते तर माझा तो आठवडा वाचला असता.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर सेक्शन ब्रेकला, म्हणजे फाइलचे वेगवेगळ्या पानरचनेचे भाग पाडणाऱ्या खुणेला, लागू पडते, आणि तिथला फटका पानभर असतो. पानाची दिशा, समास, शीर्षटीप यांची नोंद त्या सेक्शनच्या शेवटी येणाऱ्या ब्रेकमध्ये असते, म्हणजे ब्रेक आपल्या वरच्या मजकुरावर सत्ता चालवतो. आडव्या पानावरचा एक तक्ता त्याच्या ब्रेकसकट पेस्ट केला की तक्त्याच्या वरची, आधीच तयार असलेली उभी पाने आडवी होतात. नवखा माणूस तक्त्यात चूक शोधत बसतो, कारण बदल त्याच्याही वर झाला असेल अशी शंका त्याला येत नाही. उपाय असा, की तक्त्याच्या आधी आणि नंतर आपल्याच फाइलमध्ये ब्रेक घालून मधले पान आडवे करावे आणि परक्या फाइलमधून फक्त तक्ता आणावा.

आता शॉर्टकटविषयी, ज्यांच्याबद्दल माझी मते थोडी तिखट आहेत. आमचे एक वरिष्ठ सहकारी प्रत्येक अडचणीवर एकच औषध सांगत: “अहो, नोटपॅडमध्ये टाका आणि तिथून उचला, सगळी घाण निघून जाते.” घाण निघते हे खरे, पण तिच्याबरोबर घरातले दागिनेही जातात. नोटपॅड नुसती अक्षरे ठेवते, फॉरमॅटिंग नाही. त्यांच्या सल्ल्याने मी एक तांत्रिक प्रकरण नोटपॅडमधून काढले, तेव्हा दहाच्या डोक्यावरचा ६ खाली उतरला आणि दहाचा सहावा घात मुकाट्याने १०६ झाला. चौरस मीटरचा २ तसाच खाली आला. तळटिपा गेल्या, तिरप्या अक्षरांतली नावे सरळ झाली, तक्त्यांच्या जागी नुसत्या ओळी उरल्या. भीती या गोष्टीची, की १०६ हा आकडा चुकीचा दिसत नाही. तो फक्त चुकीचा असतो. ‘फक्त मजकूर ठेवा’ या पर्यायाने पेस्ट केले तरी तोटा जवळपास हाच होतो, म्हणून वर्षानुवर्षे काम करणाऱ्याने सांगितले तरी हा उपाय साध्या गद्यापुरताच वापरावा. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांच्याविषयी मनात राग नाही. त्यांनी आयुष्यभर पत्रे टंकली होती आणि पत्रांत घात नसतात.

पेस्ट केल्यावर मजकुराच्या शेवटी एक छोटे बटण येते. त्याकडे दुर्लक्ष करणे ही आपली सगळ्यांची सवय आहे. कंट्रोल एकदा दाबले की ते उघडते. मूळ फॉरमॅटिंग ठेवा, फॉरमॅटिंग एकत्र करा आणि फक्त मजकूर ठेवा, हे त्यातले नेहमीचे तीन पर्याय. यातला मधला मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो आजूबाजूच्या मजकुराचे रूप घेतो आणि तरीही वाक्यातल्या एखाद्या शब्दाला दिलेला ठळकपणा किंवा तिरपेपणा जपतो. दोन्ही फाइलींत ‘हेडिंग १’ नावाची स्टाइल असली आणि तिची व्याख्या वेगळी असली, तर आणखी एक पर्याय दिसतो: इथल्या स्टाइल वापरा. संकलनाच्या कामात बहुतेक वेळा तोच हवा असतो. प्रगत ऑप्शन्समध्ये त्याच फाइलमध्ये, दोन फाइलींमध्ये, स्टाइलची व्याख्या जुळत नसताना आणि दुसऱ्या प्रोग्रॅममधून पेस्ट करताना काय व्हावे, हे चार वेगवेगळ्या जागी ठरवता येते. दुसऱ्याच्या संगणकावर बसून ‘माझ्याकडे असे होत नाही’ म्हणण्याआधी ते चार रकाने पाहावेत.

कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या जोडाची एक गंमत आहे. वर्डच्या नव्या आवृत्त्यांत आणि गूगल डॉक्समध्ये त्याने नुसता मजकूर पेस्ट होतो, पण वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत त्याच जोडाने कॉपी केलेले फॉरमॅटिंग चिकटवले जाई, आणि लिब्रेऑफिसमध्ये त्याने पेस्ट स्पेशलची खिडकी उघडते. बोटांच्या सवयीवर फार विसंबू नये.

पीडीएफमधून किंवा वेबपानावरून आलेल्या मजकुराचे दुखणे वेगळे, पण चिन्हे दाखवली की तेही उघड्यावर येते. पीडीएफमधला मजकूर पुष्कळदा प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेदचिन्ह घेऊन येतो. दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल तर शोधा-बदलाच्या खिडकीत लागोपाठ दोन परिच्छेदचिन्हे, म्हणजे कॅरट-पी (^p) दोनदा, शोधून त्यांच्या जागी मजकुरात कुठेही नसलेली एखादी खूण टाकावी, मग उरलेल्या एकेरी चिन्हांच्या जागी एक स्पेस द्यावी आणि शेवटी त्या खुणेच्या जागी पुन्हा परिच्छेदचिन्ह आणावे. वेबपानावरून येणारे वाकड्या बाणाचे चिन्ह म्हणजे हाताने तोडलेली ओळ. दोन्ही कडा सरळ असलेल्या परिच्छेदात ती आली की तीन शब्द पानभर ताणून बसवलेले दिसतात. तिथे कॅरट-एल (^l) शोधावे.

देवनागरीत काम करणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात. फॉन्टच्या खिडकीत लॅटिन लिपीसाठी एक आणि जटिल लिप्यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी, दुसरा असे फॉन्टचे आणि आकाराचे वेगळे रकाने असतात. एक बदलला तरी दुसरा जुनाच राहू शकतो, आणि मग सगळे निवडून आकार १२ केला तरी परिच्छेद लहानमोठे दिसतात. दुसरी गोष्ट कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टची: त्यांत फाइलमध्ये रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे रूप देतो. असा मजकूर नुसता पेस्ट केला की पानावर रोमन अक्षरांचा पाऊस पडतो. मजकूर हरवलेला नसतो. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणावा आणि मगच मुख्य फाइलमध्ये घ्यावा.

हे सगळे वाचून छाती दडपली असेल तर सांगते, यातले जवळजवळ काहीही कायमचे बिघडत नाही, फक्त मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवलेली हवी. ती नसेल तर मात्र मी काहीच आश्वासन देऊ शकत नाही. पेस्ट फसली की जागीच दुरुस्ती करत बसू नये, आधी कंट्रोल-झेड दाबून ती रद्द करावी. एखादा परिच्छेद असा का दिसतो हे कळेना, तर त्यावर कर्सर ठेवून शिफ्ट-एफ१ दाबावे; त्याच्या गुणांचा ताळेबंद बाजूला उघडतो, आणि तिथल्या ‘डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स’वर खूण केली की कोणते गुण स्टाइलमधून आले आणि कोणते वरून लादलेले आहेत, हेही दिसते. कंट्रोल-क्यू परिच्छेदावर लादलेले गुण काढते, निवडलेल्या अक्षरांवरचे कंट्रोल-स्पेस काढते. पण ही दुसरी जोडी डोक्यावरचे घातही खाली उतरवते, म्हणून ती सबंध पानावर चालवू नये.

क्रमांकांचे दुखणे मी शेवटी असे मिटवले. पेस्ट केलेल्या यादीच्या पहिल्या क्रमांकावर उजवी क्लिक करून ती १ पासून सुरू केली, आणि ‘कृती ४’ असे जिथे जिथे हाताने लिहिलेले होते तिथे क्रॉस-रेफरन्स घातला, म्हणजे तो आकडाही यादीतूनच येऊ लागला. असा आपोआप येणारा आकडा म्हणजे फील्ड, आणि ते स्वतःहून लगेच ताजे होत नाही. सगळे निवडून एफ९ दाबावे लागते, आणि ज्या परिच्छेदाकडे ते बोट दाखवते तो सोबत न घेता त्याला दुसऱ्या फाइलमध्ये नेले तर संदर्भ सापडत नसल्याची ठळक सूचना छापून येते. ती सूचना दिसली तर मला बरेच वाटते, कारण त्या दिवशी माझ्या पुस्तिकेतल्या ४ ने अशी कोणतीच सूचना दिली नव्हती. अजूनही पुस्तिका पाठवण्यापूर्वी मी ‘कृती’ हा शब्द शोधते आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावरच्या मूळ प्रतीशी पेन्सिलने टिकमार्क करत ताडून पाहते. चाळीस पानांना सुमारे वीस मिनिटे लागतात.