नव्या बोर्डची डिव्हाइस ट्री लिहायला बसण्याआधी

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डवर कोणतं हार्डवेअर कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणारं वर्णन; ते डीटीएस फाइलमध्ये लिहितात. नवा बोर्ड हातात आला की जुन्या बोर्डची डीटीएस फाइल कॉपी करून त्यात बदल करत सुटू नका. आधी स्कीमॅटिक (बोर्डचा सर्किट-नकाशा) आणि एसओसीचं (बोर्डवरच्या मुख्य चिपचं) रेफरन्स मॅन्युअल उघडा, आणि स्कीमॅटिकची आवृत्ती बोर्डवर छापलेल्या रिव्हिजनशी जुळते का ते पाहा. एसओसीची डीटीएसआय (त्या चिपच्या सगळ्या बोर्डना सामाईक असलेली फाइल) कर्नलच्या सोर्समध्ये असेल तर ती नीट वाचून काढा. तिथलं पुन्हा लिहायचं नसतं. बोर्डवर जे खरोखर जोडलंय तेवढ्याच नोडचं (फाइलमधल्या उपकरणाच्या नोंदीचं) स्टेटस ‘ओके’ करायचं. यूएसबी आणि पीसीआयवरची उपकरणं कर्नल सहसा स्वतः शोधतो. आय-टू-सी किंवा एसपीआय या चिप जोडायच्या मार्गांवर काय बसलंय, हे मात्र सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

रॅमचा सुरुवातीचा पत्ता आणि आकार लिहून ठेवा. फर्मवेअरने स्वतःसाठी राखलेला भाग रिझर्व्ह्ड-मेमरी या नोडमध्ये टाका. तो राहिला तर बोर्ड बूट होतो आणि नंतर भलत्याच ठिकाणी कोसळतो. अशा चुकीचा माग काढणं फार जिकिरीचं.

सगळ्यात जास्त वेळ इंटरप्टना (उपकरणं प्रोसेसरला देतात त्या हाकांना) द्या. आर्मच्या जीआयसीत (इंटरप्ट सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये) सहसा तीन आकडे लागतात: प्रकार, क्रमांक, ट्रिगर. शेअर्ड इंटरप्टचे आयडी ३२ पासून सुरू होतात, पण डीटीएसमध्ये ते शून्यापासून मोजतात. म्हणजे यूएआरटीचा (सिरियल पोर्टचा) इंटरप्ट आयडी ७२ असेल तर क्रमांक ४० लिहायचा. काही मॅन्युअलमध्ये मात्र हे ३२ आधीच वजा केलेले असतात, म्हणून तक्ता कुठल्या आकड्यापासून सुरू होतो ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्लॉक, रेग्युलेटर (वीजपुरवठा), पिनमक्स (कुठली पिन कशासाठी) हे प्रत्येक उपकरणासमोर टिपून घ्या. ‘कंपॅटिबल’मधली (ज्यावरून ड्रायव्हर जुळवला जातो त्या ओळीतली) नावं मनाने बनवू नका, कर्नलच्या बाइंडिंगमधून (नोड कसे लिहायचे ते सांगणाऱ्या कागदपत्रांतून) घ्या. आणि ड्रायव्हरने कसं वागावं याची सेटिंग्ज इथे कोंबू नका. ही फाइल हार्डवेअरचं वर्णन आहे; तीच यू-बूट हा बूटलोडर वाचतो, फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिमही वाचू शकते.

मग डीटीसीने (डिव्हाइस ट्रीच्या कंपायलरने) कंपाइल करा, डीटीबीएस-चेक ही कर्नलमधली तपासणी चालवा आणि एकही वॉर्निंग ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. बूट झाल्यावर प्रॉक फाइलसिस्टिमखालची डिव्हाइस-ट्री डिरेक्टरी उघडून आपल्या फाइलशी ताडून पाहा. बूटलोडर वाटेत मेमरी नोड आणि बूट आर्ग्युमेंट्स बदलू शकतो. कर्नलच्या हाती शेवटी काय पडलं, ते तिथेच दिसतं.