वाढत्या शहरात गुंतवणुकीसाठी घर घेताना
गुंतवणुकीसाठी वाढत्या शहरात घर घ्यायचे असेल, तर जाहिरातीतील नकाशाआधी तेथील रोजगार पाहावा, कारण एकाच कारखान्यावर उभे राहिलेले गाव तो बंद पडताच ओस पडू लागते, तर उद्योग, रुग्णालये आणि महाविद्यालये अशा अनेक आधारांवर वाढणाऱ्या शहरात भाडेकरूंची मागणी सहसा टिकून राहते. महामार्गाच्या किंवा रेल्वेच्या नुसत्या घोषणेवर विसंबू नये. निधी मंजूर झाला का, भूसंपादन पूर्ण झाले का, हे तपासावे, कारण भाव घोषणेबरोबरच चढतात आणि काम मात्र अनेकदा वर्षानुवर्षे रखडते. दिवेलागणीनंतर नव्या इमारतींसमोरून एक फेरी अवश्य मारावी: ‘सर्व घरे विकली गेली’ असे सांगितलेल्या इमारतीत निम्म्या खिडक्या अंधारात असतील, तर तेथे राहणाऱ्यांपेक्षा गुंतवणूकदारच अधिक असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशा ठिकाणी पुढे भाडेकरू व खरेदीदार दोन्ही मिळणे कठीण जाते. पाणीपुरवठ्याची चौकशी तर कधीच टाळू नये. शेवटी वार्षिक भाड्यातून कर, देखभाल आणि घर रिकामे राहण्याचा काळ वजा करून उरणारी रक्कम घर घेण्याच्या एकूण खर्चाच्या किती टक्के येते, हे काढावे व ते गृहकर्जाच्या व्याजदराशी ताडून पाहावे.