कोकणातून विमानप्रवास: उड्डाण रद्द झाले किंवा सामान हरवले, तर हक्क कसे मिळवावेत

सिंधुदुर्गातील चिपी किंवा गोव्यातील मोपा, दाबोळी या विमानतळांवरून विमानाने जाणाऱ्या कोकणातल्या ज्येष्ठांची तिकिटे बहुधा मुंबईतला मुलगा, भाचा किंवा बाजारपेठेतला एजंट काढतो आणि संपर्कासाठी स्वतःचाच मोबाईल क्रमांक देतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या नियमांनुसार प्रवाशाने पुरेसा संपर्क तपशील दिलेला नसेल, तर उड्डाण रद्द झाल्याची भरपाई देण्यास कंपनी बांधील राहत नाही. म्हणून तिकीट हाती येताच त्यावर प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्याचा क्रमांक आहे ना, हे पाहावे. नावात चूक असल्यास तीही त्याच दिवशी कळवावी. थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटावर २४ तासांच्या आत अशी दुरुस्ती विनाशुल्क होते.

उड्डाण रद्द झाले, तर पुढचे सारे एका गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे रद्द होण्याचे कारण. खराब हवामान, नैसर्गिक आपत्ती, सुरक्षेचा धोका किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी नियमात सूट आहे आणि तेथे भरपाई मिळत नाही. ही सूट योग्यच आहे. श्रावणातल्या मुसळधार सरीत धावपट्टी दिसत नसताना वैमानिकाने विमान न उतरवणे, हेच प्रवाशांचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. मात्र कर्मचारी उपलब्ध नसणे हे हवामान नव्हे. वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम लागू झाल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा हा फरक देशभर लोकांच्या लक्षात आला.

त्यामुळे काउंटरवर ‘पावसामुळे रद्द’ असे तोंडी सांगितले गेल्यास तेवढ्यावर परत फिरू नये. रद्द होण्याचे कारण ईमेलने किंवा कागदावर लिहून देण्याची विनंती शांतपणे, पण ठामपणे करावी. त्याच वेळेस आगमन-निर्गमनाच्या फलकाचे छायाचित्र घ्यावे. त्याच तासाभरात त्याच विमानतळावर इतर विमाने उतरत असतील, तर ते छायाचित्र पुढे तुमचा पुरावा ठरू शकते. एसएमएस, बोर्डिंग पास आणि खाण्यापिण्याच्या, टॅक्सीच्या पावत्याही जपून ठेवाव्यात.

कारण कंपनीच्या अखत्यारीतले असेल आणि किमान २४ तास आधी कळवून पर्यायाची सोय केलेली नसेल, तर परताव्याखेरीज भरपाई मिळते. नियोजित उड्डाणवेळ एक तासापर्यंत असल्यास तिची मर्यादा ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० आणि त्याहून अधिक वेळेसाठी १०,००० रुपये आहे. परंतु ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल तेच मिळते. मोपा ते मुंबई हे उड्डाण साधारणपणे दुसऱ्या गटात मोडते. मूळ भाडे आणि अधिभार मिळून ३,२०० रुपये असतील, तर भरपाई ७,५०० नव्हे, ३,२०० रुपये होईल. हवामान हेच खरे कारण असले, तरी पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचा परतावा यांवरील हक्क बुडत नाही.

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर होत असेल, तर अल्पोपाहार मागावा. तिकीट पक्के असून आणि वेळेत पोहोचूनही जागा नाकारली गेली आणि तासाभरात दुसरे विमान मिळाले नाही, तर भरपाई बरीच मोठी असते: २४ तासांच्या आत सोय झाल्यास भाड्याच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, त्यानंतर सोय झाल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये.

घाटात दरड कोसळली किंवा कोकण रेल्वे रखडली म्हणून विमान चुकले, तर दोष कंपनीचा नसतो. तरीही न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळ वापर शुल्क परत मिळते, मग तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरीही. बहुतेकांना हे ठाऊक नसल्याने ते पैसे मागितलेच जात नाहीत. ते अवश्य मागावेत.

आखातातून मुंबईत उतरून खेड-दापोलीकडे निघालेल्यांना बाहेर गाडी थांबलेली असते आणि सामान आले नाही, तरी ‘उद्या फोन करू’ म्हणून ते निघून जातात. असे करू नये. टर्मिनल सोडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर सामानाचा तक्रार अहवाल भरून त्याची प्रत घ्यावी. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. देशांतर्गत प्रवासात सामानाबद्दलची कंपनीची जबाबदारी सामान्यतः २०,००० रुपयांपर्यंत आहे. म्हणून दागिने आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीतच असावीत. पॉवर बँकही तेथेच ठेवावी, कारण आगीच्या धोक्यामुळे ती चेक-इन सामानात चालत नाही.

वृद्ध प्रवाशासाठी चाकांची खुर्ची हवी असल्यास ४८ तास आधी कळवावे आणि त्याची पोच घ्यावी.

तक्रार प्रथम कंपनीने तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे, तेथे दाद न मिळाल्यास तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे, आणि सोबत ‘एअरसेवा’ या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या तक्रार पोर्टलवर नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असले, तरी सावंतवाडीच्या माणसाला सिंधुदुर्गच्या आणि चिपळूणच्या माणसाला रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क नाही, वकील देण्याचीही सक्ती नाही, आणि अर्ज ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.